द्वारकाबाईंनी टाइप न केलेलं नाव

द्वारकाबाईंनी माझं डोकं जेवढं खाल्लं, तेवढं पायथन या संगणकाच्या भाषेनंही खाल्लं नाही. दोन हजार सहा साली जालन्यातल्या एका बियाणे कंपनीला मी प्रोग्राम लिहून दिला होता. एकेका कामासाठी प्रोग्रामचा एकेक तुकडा, म्हणजे मेथड. काळ्या पडद्यावर प्रोग्रामच्या नावापुढं मेथडचं नाव टाइप करायचं, की त्या नावाची मेथड चालायची. नावं मी ऑफिसातल्या माणसांचीच ठेवली. पिशव्यांची लेबलं भुजंग करायचा, म्हणून ती मेथड भुजंग. बियाण्याच्या उगवणीचा हिशेब धर्मराजकडे, म्हणून ती धर्मराज. कुणाला काही पाठ करावं लागलं नाही आणि मी स्वतःवर खूश होतो.

पुढं धर्मराज काविळीनं गेला. अंतरवाली सराटी गावची त्याची बायको मॅट्रिक झालेली, टायपिंग शिकलेली. कंपनीनं तिला त्याच्याच खुर्चीवर बसवलं. याच द्वारकाबाई. हात जल्दी चाले, चूक नसे. फक्त उगवणीचा अहवाल वेळेवर निघत नसे आणि त्याच्याशिवाय बियाण्याचा ट्रक गेटाबाहेर पडत नसे. मॅनेजर म्हणाले, "आज अहवाल निघाला न्हाई तर बाईंना घरी पाठवतो."

मी प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासली. काही सापडेना. शेवटी वैतागून बाईंच्या मागंच उभा राहिलो. लेबलं झटक्यात झाली. मग प्रोग्रामचं नाव टाइप झालं आणि बोटं थांबली.

"कचरू शिपाई आला का हो?"

"तो रजेवर आहे. तुम्ही करा ना, एकच शब्द आहे."

"मालकाचं नाव हाये ते आमच्या, सर. कसं घेऊ? रोज कचरूलाच बोलावून राह्यले मी."

"घ्यायचं कुठं आहे? टाइप करायचंय."

"तोंडानं घेतलं काय अन् बोटानं घेतलं काय, बराबरच की."

मी कपाळावर हात मारला. "मग आधी सांगायचं नाही? थांबा, त्या मेथडचं नावच बदलतो." मी खुर्ची ओढली, तर बाईंनी कीबोर्डवर हात ठेवला.

"ते खोडू नका."

"घ्यायचंही नाही अन् खोडायचंही नाही? मग मी करू तरी काय?" माझा आवाज चढला होता.

"त्यांना कामाला बोलावणारं एवढंच राह्यलंय आता, सर."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी 'उगवण' नावाची नवी मेथड लिहिली. तिच्यात काम एकच, धर्मराज नावाच्या मेथडला बोलवायचं. बाईंनी 'उगवण' टाइप केलं, अहवाल निघाला, ट्रक गेला.

कागदाच्या तळाशी, काम कुणी केलं त्या जागी, प्रोग्राम काम करणाऱ्या मेथडचं नाव छापायचा; तिथं धर्मराज असंच छापून आलं. ते वाचून बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.