स्कॉटलंडात भेंडी

वयाच्या सतराव्या वर्षी मी स्कॉटलंडमधल्या एका म्हाताऱ्यावर जाहीर बहिष्कार घातला. त्याला हे अजून कळलेलं नाही.

दोष माझ्या संगोपनाचा. आईच्या वडिलांचा मिरजेत छापखाना होता. तिथे लग्नपत्रिकांपेक्षा मोर्च्यांची पत्रकं जास्त छापली जायची. उरलेल्या पत्रकांत गुंडाळून आजोबा आम्हाला शारजाला मेतकूट, मसाला, कुरडया पाठवायचे. वर्गातल्या मुली परीकथा वाचत होत्या, तेव्हा मी मेतकुटाचा पुडा उलगडून 'आता गप्प बसणार नाही!' वाचत होते. (आणि बसतही नव्हते.) शाळेच्या बसमधल्या बंद एसीपासून डब्यातल्या रोजच्या उपम्यापर्यंत सगळ्यांविरुद्ध माझं पत्रक तयार असे. वाटायची मात्र सोय नव्हती.

"अगं, हे काय मिरज आहे?" आई ओरडायची. "इथे पत्रकं वाटलीस तर बाबांचा व्हिसा खलास! सगळ्यांची रवानगी होईल!"

त्यामुळे माझी चळवळ आमच्या दोन खोल्यांत सुरू व्हायची आणि समोरच्या सावंतांच्या दाराशी संपायची.

त्या वर्षी अण्णाकाका आमच्याकडे आले. बाबांचे थोरले भाऊ. काकू गेल्यावर चिपळूणच्या घरात ते एकटेच उरले, म्हणून बाबांनी त्यांना व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. ते आले, पण आल्यासारखे वाटेनात. बाल्कनीत खुर्ची टाकून समोरच्या इमारतीच्या एसीतून ठिबकणारं पाणी बघत बसायचे. जेवायला बोलावलं की "भूक नाही गं", फिरायला चला म्हटलं की "पाय दुखतात". ते एकदा तरी पूर्वीसारखे खदखदून हसावेत, एवढंच बाबांना हवं होतं. बाबांनी समुद्रकाठच्या कॉर्निशला नेलं, सोन्याच्या बाजारात नेलं, उंटसुद्धा दाखवला. अण्णाकाकांनी उंटाकडे पाहिलं, उंटाने त्यांच्याकडे पाहिलं. दोघंही हसले नाहीत.

मग आली ती कॅसेट. बाबा शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होते आणि त्यांचे मॅनेजर डंकनसाहेब स्कॉटलंडचे. साहेबांची बहीण तिकडची एक विनोदी मालिका टेपवर भरून पाठवायची. साहेबांनी ती बाबांना दिली. एका बेटावर राहणारा म्हातारा, त्याचा मेंढ्या पाळणारा शेजारी, आणि दोघांचं कधी न संपणारं भांडण, एवढीच गोष्ट. पण भाषा! इंग्रजी शाळेत शिकूनही मला त्यातलं अक्षर कळेना. तोंडात गरम बटाटा धरून कुणीतरी घोड्याला हाका मारतंय असं वाटायचं.

"मला कळतं सगळं," बाबा छाती काढून म्हणाले. "रोज साहेबाचं ऐकतो ना!"

आणि दर गुरुवारी संध्याकाळी बाबा टीव्हीशेजारी उभे राहून सगळ्या पात्रांची भाषणं मराठीत करू लागले. आई, आम्ही दोघी बहिणी, अण्णाकाका आणि सावंत काका-काकू, असे प्रेक्षक. पहिल्याच गुरुवारी म्हातारा शेजाऱ्यावर खेकसला आणि बाबा म्हणाले, "मेल्या, तुझ्या मेंढीने माझी लुंगी खाल्ली, आता मेंढी नेसू काय?"

अण्णाकाका हसले. आधी नाकातून, मग पोटातून. आईने हळूच डोळ्यांना पदर लावला. त्या रात्री त्यांनी दोनदा भात मागून घेतला.

सगळं छान चाललं होतं. पण आमच्या घरात मी होते ना!

मालिकेवरून दोन पक्ष पडले. सावंतकाका आणि अण्णाकाका म्हणायचे, असली मालिका झाली नाही, होणार नाही. सावंतकाकू म्हणायच्या, "म्हातारी माणसं काय अशी तोंडाला येईल ते बोलतात? पोरींसमोर?" आईचा आक्षेप वेगळाच होता.

"अहो, हा म्हातारा दर वेळी भेंडीला का नावं ठेवतो?"

"त्याला चिकट भेंडी आवडत नाही."

"स्कॉटलंडात भेंडी मिळते?"

"हल्ली सगळीकडे सगळं मिळतं," बाबा टीव्हीकडे बघत म्हणाले.

"आणि त्याची ती बायको सदानकदा बहिणीकडे गेलेली. दिसत तर कधीच नाही!"

"येईल गं, पुढच्या आठवड्यात येईल."

माझी धाकटी बहीण मिनू नऊ वर्षांची. तिने विचारलं, "बट बाबा, व्हाय इज ही क्राइंग?"

"कांदा चिरतोय."

"देअर इज नो कांदा, बाबा!"

"चिरून झाला!"

माझा आक्षेप तात्त्विक होता. म्हातारपणाची थट्टा, बायकांचा अपमान आणि मेंढपाळांविषयी तुच्छता, असे तीन गुन्हे मी त्या मालिकेवर लावले. मोठ्या अक्षरांत पत्रक लिहिलं: 'भेंडी निवडणारे हात कुणाचे? विनोदाच्या नावाखाली चाललेली ही जुलूमशाही बंद करा!' म्हाताऱ्याचं एकेक वाक्य उतरवून घेऊन मी ते फाडून काढलं होतं. एक प्रत फ्रिजवर लावली, एक सावंतांच्या दाराखालून सरकवली. सावंतकाकू पेटल्या. "पोरगी बरोबर बोलतेय! पुढच्या गुरुवारपासून बंद!" सावंतकाकांचं त्यांच्यापुढे काय चालणार? आईही फ्रिजपुढे उभी राहून पत्रक वाचून म्हणाली, "भेंडीचा मुद्दा पटला हो."

बाबांनी मला बाल्कनीत गाठलं. "बाळा, एवढी एक मालिका सोड ना. अण्णा हसतोय गं."

"अन्यायावर हसणं हाही अन्यायच आहे, बाबा!" (हे वाक्य हळदीच्या पुड्यावर होतं.)

आणि नेमकी त्याच गुरुवारी बाबांची गाडी बंद पडली. डंकनसाहेब त्यांना जीपमधून सोडायला आले. मी खाली दुकानात दही आणायला गेले होते. मला वाटलं, इतिहासाने स्वतःहून दार वाजवलं!

"सर, तुमच्या मालिकेवरून आमच्यात मोठा वाद आहे. तुम्ही वर येऊन निवाडा द्या."

"अगं, साहेबांना काम आहे," बाबा घाईघाईने म्हणाले. त्यांचा चेहरा दह्यापेक्षा पांढरा पडला होता. मला ते माझ्या तत्त्वांचं तेज वाटलं.

"छे, आज गुरुवार, उद्या सुट्टी! यल्ला, चला!" म्हणत साहेब जिन्याला लागलेसुद्धा.

सुरमई तळून झाली, निवाडा ऐकायला सावंत काका-काकूही आले, कॅसेट लागली. म्हातारा एका चढावर उभा राहून हळू आवाजात काही बोलत होता. साहेब गंभीर झाले. पण अण्णाकाका आशेने बाबांकडे बघत होते. बाबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आयला, या चढावर चढून गुडघे गेले, आणि मेंढी बघा कशी फुकट टुणटुणतेय!"

सावंतकाका खो खो हसले. बहिष्कार विसरून काकूसुद्धा फिसकन हसल्या. साहेबांनी चमकून सगळ्यांकडे पाहिलं.

"तुम्ही हसता का?" ते इंग्रजीत म्हणाले. सुरमईचा तुकडा त्यांच्या हातात तसाच राहिला होता. "तो बायकोच्या थडग्याशी बोलतोय."

टीव्हीवर मेंढी ओरडली.

"थडगं?" आई म्हणाली. "ती बहिणीकडे गेलीय ना?"

"ती पहिल्या भागाच्या आधीच वारली," साहेब म्हणाले. "गोष्टच ती आहे."

"आणि भेंडी?" आईचा आवाज बारीक झाला.

"भेंडी म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं.

आईने बाबांकडे वळून पाहिलं. त्या नजरेचं भाषांतर कुणालाही आलं असतं. मी मात्र हळूच फ्रिजपुढे जाऊन उभी राहिले. कारण फ्रिजवरच्या पत्रकात मी ओळीओळीने ज्या जुलमी लेखकाचा समाचार घेतला होता, तो सुपरवायझरच्या वेशात टीव्हीशेजारी उभा होता! आणि ज्याच्यासाठी त्याने हे सगळं रचलं, ते अण्णाकाका खाली मान घालून बसले होते.

"अण्णा," बाबा त्यांच्या पायाशी बसले. "चुकलं माझं. तुला आत्ताच ते बघायला नको, असं वाटलं रे."

अण्णाकाकांनी मान वर केली.

"अरे, मला पहिल्याच दिवशी कळलं. तो सकाळी फळीवरनं दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. मी पण तेच करतो चिपळूणला. त्याला भाषा कशाला लागते?"

बाबा बघतच राहिले. "मग तू हसत कशाला होतास?"

"तुला हसत होतो! स्कॉटलंडात भेंडी, मेल्या? तिथे बर्फ पडतं!" आणि ते असे हसायला लागले की हसता हसता रडले, आणि बाबा रडता रडता हसले, आणि साहेबांना काहीच न कळल्यामुळे त्यांनी सुरमईचा आणखी एक तुकडा उचलला.

साहेब निघाले तेव्हा मी त्यांच्याकडे निवाडा मागितलाच. (चळवळीतल्या माणसाने पाठपुरावा सोडू नये.)

"माझी बहीण म्हणते उत्तम, बायको म्हणते देशाची बेअब्रू," ते म्हणाले. "मला स्वतःला कंटाळा येतो. तुझ्या वडिलांची गोष्ट कशी आहे?"

पुढच्या गुरुवारसाठी मी बाबांना बाजूला केलं. आता खोटं नको, लोकांना अस्सल कळलं पाहिजे! चार दुपारी टेप मागेपुढे करून, कानाला स्पीकर लावून, मिनूची मदत घेऊन मी अख्खा भाग शब्दाला शब्द मराठीत आणला. गुरुवारी टीव्हीशेजारी उभी राहिले आणि एकही मेंढी वाढवून न सांगता, एकही अश्रू कांद्यावर न ढकलता, संपूर्ण सत्य सांगू लागले.

पहिल्या जाहिरातीपर्यंत सावंतकाका मांडी बदलत होते. दुसऱ्या जाहिरातीपर्यंत अण्णाकाका घोरायला लागले. मी आवाज चढवला. त्यांनी एक डोळा उघडला, बाबांना कोपराने ढोसलं आणि म्हणाले, "हिची सभा संपली की मला उठव रे. मग तू सुरू कर."