भागूबाईच्या डोक्यावरचा ढिगारा

दगडखाणीत कामाच्या दगडापेक्षा टाकाऊ माल जास्त निघतो, आणि टाकाऊ मालापेक्षा किस्से जास्त! उरणजवळच्या आमच्या खाणीत दोन्ही ठेवायला जागा पुरत नव्हती. चांगला दगड मचव्यातून मुंबईला जायचा; माती, कपच्या, फुटका माल आमच्याच बोकांडी.

हा माल रचायचा त्या जागेच्या बरोबर खाली भागूबाईचं घर. बाई एकटी, पण तोंडानं फटकळ. ढिगारा घसरला तर घर गेलंच! म्हणून आमच्या गोऱ्या साहेबानं हुकूम काढला: माल उभा ओतायचा नाही, पायऱ्या पायऱ्यांनी रचायचा, मोठे धोंडे पायथ्याला, पाण्याला बाजूनं चर. मी हजेरी घ्यायचो, त्यामुळे सगळा तमाशा डोळ्यांसमोर.

* * *

पायऱ्या झाल्या झकास. धर्मा मुकादमानं मोठ्या ऐटीत साहेबाला पाहायला आणलं. बघतो तर काय, पायऱ्यांवर गावातल्या बायकांनी जवळा वाळत घातलेला! साहेबानं नाकाला रुमाल लावला.

"मुकादम, हे काय?"

"सायेब, पायरी सपाट हाय का न्हाय, त्याची परीक्षा! वाकडी असती तं जवळा खाली आला असता."

साहेबानं मान डोलावली. जवळा राहिला.

* * *

ढिगारा सरकला तर कळावं म्हणून त्यावर एका रेषेत खुंट्या ठोकल्या होत्या. रोज सकाळी एका टोकाला उभं राहून, एक डोळा मिटून बघायचं. एकदा मधली खुंटी चांगली कललेली! शिट्ट्या झाल्या, पळापळ झाली, गड्यांनी भागूबाईची भांडीकुंडी अंगणात आणली.

भागूबाई शांतपणे वर गेली आणि खुंटीची दोरी सोडली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला शेळी.

"डोंगर न्हाय हालला रं, माजी शेली हालली! आता भांडी आत ठेवा."

* * *

पुढं वरच्या पायरीवर बारीक भेग दिसली. साहेबानं तिच्यावर आडवा चुन्याचा पट्टा ओढायला लावला. पट्टा तुटला तर भेग रुंदावतेय, असा हिशेब. लक्ष ठेवायला नेमला गणपत. हा माणूस भारी टापटिपीचा!

आठवड्यानं साहेब आला. पट्टा अखंड, पांढराशुभ्र. साहेब खूश.

गणपत लाजत म्हणाला, "रोज तुटतो मेला! पन मी रोज सकाळी नवा चुना लावतो."

त्याच दुपारी सगळे गडी वरचा माल उतरवून पायथ्याशी दडपायला लागले.

* * *

पावसाळा तोंडावर आला. साहेब स्वतः खाली गेला. "बाई, घर सोड. वर खोली देतो."

भागूबाई तांदूळ निवडत होती. "तुजी कचेरी कुठं हाय?"

"वर. टेकडीवर."

"मंग ती आन इथं. मी न्हाय जायची."

साहेब लालबुंद होऊन परतला. मला वाटलं, आता बाईचं काही खरं नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर साहेबाचं टेबल-खुर्ची भागूबाईच्या पडवीत, आणि साहेब खुर्चीत!

वर धर्मा मुकादमाचा घसा बसला. "चर उपसा रं! धोंडा नीट बसवा! खाली सायेब हाय!"

सगळा पावसाळा साहेब तिथंच बसला. ढिगारा तसूभर हलला नाही. दिवाळीच्या सुमारास तो सामान न्यायला गडी घेऊन आला, तर भागूबाई दारात आडवी.

"खुर्ची ने. टेबल इथंच ऱ्हाईल. म्होरल्या पावसात येशील ना?"