दोन आटे मोकळे

आकाराम हवेच्या मोटारीला पावण्यासारखं वागवायचा. कागलच्या एका फौंड्रीत साचे उचलणारा हॉइस्ट त्या मोटारीवर चालतो. आतली पाती विजेवर नाही, दाबाच्या हवेवर फिरतात. पावण्याला आपण आधी पाणी देतो. इथं आधी हवेतलं पाणी काढायचं, मग तेलाचे थेंब काचेतून मोजायचे. नवा पाइप आधी मोकळाच फुंकायचा, मग जोडायचा. आणि दाब बघायचा तो ओझं उचलताना. "बसून असताना काटा कुणाचाबी चांगलाच दिसतोय," असं त्याचं म्हणणं.

सगळ्यात कडक नियम टेपचा. जोडावर पांढरी टेप गुंडाळताना तोंडाकडचे दोन आटे मोकळे सोडायचे, नाहीतर तुकडा तुटून मोटारीत जातो. हे त्यानं जोडीच्या फिटरला, कृष्णातला, अकरा वर्षं शिकवलं. आकारामची बायको आक्का कृष्णातसाठी नवऱ्याच्या डब्यात वेगळी भाकरी घालायची. कृष्णात ती खाऊन स्वतःचा डबा तसाच घरी न्यायचा आणि बायकोची बोलणी खायचा.

मे महिन्यात आकाराम भाचीच्या लग्नाला मलकापूरला दोन दिवस गेला. परतला तर हॉइस्ट अडकलेला, साचा अधांतरी. मधल्या काळात कृष्णातनं पाइप बदलला होता. मोटार मात्र उघडली नव्हती, आकाराममामा येऊ देत म्हणाला होता. आकारामला कोण अभिमान वाटला.

त्यानं फौंड्रीच्या मॅनेजर सरांसमोर मोटार उघडली. पात्यांमध्ये शेवईसारखा टेपचा तुकडा. सरांनी विचारलं, ही कुणी लावली?

कृष्णात फरशीकडं बघत म्हणाला, "मीच लावली सर. मामांनी शिकवलीया तशीच, पार तोंडापत्तर."

"दोन आटं सोडायला शिकवलंय की रं," आकाराम म्हणाला.

आपला हात कबूल करणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असं सरांना वाटलं. शिकवणाराच चुकीचा निघाला. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना आकाराम स्टोअरच्या खिडकीत बसला, मोटार कृष्णातकडं गेली.

घरी त्यानं काही सांगितलं नाही. आक्का जादा भाकरी घालत राहिली आणि तो दोन्ही खात राहिला. पट्टा एक भोक पुढं सरकला. मनात एकच आशा होती, पोरगं खरंच विसरलं असंल.

परवा कृष्णात टेप न्यायला आला. हातात पाइपचा तयार जोड होता, मापाची नळी मागायला आणलेला. आकारामनं सवयीनं तो हातात घेऊन फिरवला. टेप ताणून, घट्ट, नेटकी. तोंडाकडं दोन आटे मोकळे. मोजून दोन.

"झ्याक लावलीयास," तो म्हणाला आणि रीळ पुढं सरकवलं.

संध्याकाळी घरी गेल्यावर चप्पल काढायच्या आधीच त्यानं आक्काला सांगितलं, उद्यापास्नं डब्यात एकाचीच भाकरी घाल.