खिडकीत वाळत ठेवलेलं माप

आता हे मी स्वतःच्या तोंडाने सांगावं की नाही, यावर बरेच दिवस विचार केला. पण उंद्रीत ते सगळ्यांना माहीत आहे, चिखलीपर्यंत पोचलं आहे. तेव्हा दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. फक्त हसताना माझ्याकडे न बघता हसा.

माझं उंद्रीत कृषी केंद्र आहे. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं. औषध घ्यायला आलेल्या माणसाला मी भाषण दिल्याशिवाय सोडत नाही. हातमोजे घाल, तोंडाला बांध, वाऱ्याकडे तोंड करून फवारू नको, औषध मोजायला घरातली वस्तू घेऊ नको. बाटलीवरचा रंगीत त्रिकोण दाखवून कोणता रंग किती विषारी, तेही सांगतो. एकदा एक म्हातारबा म्हणाले होते, "भाऊ, औषध दे, कीर्तन नको."

माझी बायको ज्योती शिवणकाम करते आणि बायांचा बचत गट चालवते. तिची एक सवय आहे. कोणतीही वस्तू हातात आली की ती आधी उलटी करते आणि मागचं बारीक अक्षर वाचते. बिस्किटाचा पुडा असो, साबण असो. मी तिला यावरून चिडवायचो. आता चिडवत नाही.

झालं असं, की आमची पल्लवी नववीत आहे. पाळीच्या दिवसांत तिला खाज सुटायची, अंगावर पुरळ उठायचं, शाळेत बसवेना. ज्योतीने तिला चिखलीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, पॅड कोणतं वापरते? पाकीट पाहिलं तर भारी वासाचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो वासच काहींच्या कातडीला चालत नाही. साधं, बिनवासाचं वापर, सुती कापड चालेल, चार-सहा तासांनी बदलत जा. आधी तेवढं करून पाहू.

दुसरी कोणी असती तर पाकीट बदललं असतं आणि विषय संपला असता. ज्योती ते वासाचं पाकीट घेऊन दुकानात आली. शेल्फवरून अळीच्या औषधाची बाटली काढली आणि दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली.

"हे पाहा," ती म्हणाली, "अळी माराच्या औषधावर सगळं लिहेल हाये. काय हाये, किती हाये, अंगाले लागलं तर काय कराचं. अन् हे माह्या पोरीच्या अंगाले दिवसभर लागून राह्यते. याच्यावर काय लिहेल हाये?"

मी वाचलं. "दिवसभर ताजा सुगंध."

"बस. आत काय हाये ते कोठीच नाई."

दुकान माझं, त्रिकोण शिकवणारा मी, आणि घरात येणारं पाकीट मी कधी उलटून पाहिलं नव्हतं.

तिने मग मऊ सुती कापड आणलं आणि पल्लवीसाठी स्वतः कापडी पॅड शिवले. शिवले ते शिवले, धुऊन गच्चीवर माझ्या शर्टांच्या शेजारी उन्हात वाळत घातले. खालून रस्ता. मी गुपचूप जाऊन ते दोरीच्या मागच्या बाजूला, चादरीआड सरकवले. खाली येतो तोवर ती वर गेली होती आणि पॅड परत पुढे आले होते.

"ऊन काय चादरीमांगं लपून पडते का?" तिने एवढंच विचारलं.

दोन-तीन महिन्यांत पोरीचं पुरळ गेलं. मला ज्योतीचं मनापासून कौतुक वाटलं. आणि कौतुक वाटत असतानाच मी माती खाल्ली.

तिने स्वतःसाठी आणखी एक वस्तू आणवली होती. त्याबद्दल तिने मला सांगितलं होतं म्हणे. मी मोबाइलमध्ये बघत "हाव, हाव" म्हणालो होतो म्हणे. मला काही आठवत नाही, पण घरात माझ्या बाजूने साक्ष द्यायला कोणी नाही.

सोयाबीनवर अळी पडली होती. सकाळी मी माझ्या शेतात फवारणीला निघालो, तर औषधाचं माप सापडेना. ज्योती आईला बघायला माहेरी, दुसरबीडला, जायच्या तयारीत होती, त्याच दिवशी दुपारची तिची एसटी. ती गच्चीवर होती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी आलो आणि थांबलो.

खिडकीत, स्वच्छ फडक्यावर, एक माप उपडं ठेवलं होतं. काय सुंदर वस्तू म्हणता! मऊ, पारदर्शक, रबरासारखं. बाहेरून दोन रेघा आखलेल्या. खाली धरायला बारीक दांडी. दाबलं की घडी होऊन खिशात जातं, सोडलं की परत उभं. वर काठाजवळ बारीक छिद्रं होती. मला वाटलं, औषध जास्त पडू नये म्हणून असतील. औषधांच्या कंपन्या मला टोप्या, पिशव्या, असलं काहीबाही पाठवतात. त्यातलंच हे, असं मी धरून चाललो.

शेतात नेलं, दुसऱ्या रेघेपर्यंत औषध भरलं, पंपात ओतलं. एक थेंब सांडला नाही. काम झाल्यावर विहिरीच्या पाण्याने खळखळून धुतलं, बोट फिरवलं, आणि घरी येऊन जिथल्या तिथे फडक्यावर उपडं ठेवलं. वस्तू जागेवर ठेवण्याची सवय मला त्याच दिवशी लागली, हे माझं नशीब.

ठेवण्याआधी मी एक शहाणपणा केला. त्याचा फोटो काढला. संध्याकाळी कंपनीच्या साहेबांना फोन लावला की तुमचं नवीन माप लय भारी आहे, आपल्या दुकानासाठी एक खोकं पाठवा. ते म्हणाले, "आमच्याकडून असं काही निघालेलं नाही." मी म्हणालो, "साहेब, तुमच्या कंपनीत काय निघालं ते तुमालेच ठाऊक नसते."

मग फोटो शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. खाली लिहिलं, 'घडी होणारं माप. मी स्वतः वापरून पाह्यलं. लवकरच आपल्या दुकानात.'

सकाळपर्यंत गटावर अंगठ्यांचा पाऊस. कोणी लिहिलं, 'माह्यासाठी दोन ठेवजा.' कोणी विचारलं, 'मोठ्या पंपाले चालते का?' मी सगळ्यांना उत्तरं देत होतो. मोठ्या पंपाला दोनदा भरा, असंसुद्धा लिहिलं.

तेवढ्यात वंदनाचा फोन आला. वंदना माझी चुलत बहीण, गावातली आशाताई, आणि स्वतःची शेती करते म्हणून गटावर आहे.

"दादा, तो फोटो काढून टाक पह्यले."

"काऊन? माल तर अजून आला बी नाई."

"येणार बी नाई. ते औषधाचं माप नाई. ते बायांचं हाये, पाळीत वापराचं. कप म्हणतेत त्याले. वहिनीले मीच आणून देल्ला."

मी खुर्चीवर बसलो. तिथे खुर्ची नव्हती, खताची गोणी होती, तिच्यावर बसलो.

गटावरून फोटो काढून टाकला, पण लाज वाटायलासुद्धा सवड नव्हती. आठवलं, की ज्योती काल दुपारी ती वस्तू पिशवीत घालून माहेरी गेली. म्हणजे ती आता कधीही वापरणार. ज्या बाईने साध्या सुगंधाचा एवढा तपास केला, तिच्या अंगात मी अळीचं औषध पोचवायला निघालो होतो.

लगेच फोन लावला. दुकानात फवारणीचा मोसम, काउंटरला पाच-सहा माणसं टेकलेली.

"ज्योती, ते खिडकीतलं..."

"कोणतं खिडकीतलं?"

"ते मऊ."

"मऊ काय?"

"वंदनानं देल्लं ते. वापरलं तर नाई ना?"

"अजून नाई. आज-उद्याचं हाये. काऊन?"

"वापरू नको."

"काऊन ते सांगा ना. अन् नाव घ्या त्याचं. मले समजून नाई राह्यलं."

मी मान वर केली. काउंटरवरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. बाहेर जावं तर रस्त्यावर ट्रॅक्टरचा आवाज, काही ऐकू येणार नाही. आणि ही गोष्ट तिला चुकीची ऐकू गेली असती तर?

"पाळीचा कप," मी म्हणालो. "मी त्याच्यानं अळीचं औषध मोजलं."

काउंटरवरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी शिव्यांची वाट बघत होतो. खरं सांगतो, शिव्या बसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ज्योतीने विचारलं, "त्रिकोण कोणत्या रंगाचा?"

"पिवळा."

"म्हणजे लय विषारी. तुम्हीच सांगता. धुतला कशानं?"

"पाण्यानं. बोट फिरवून."

"हातमोजे होते?"

मी मोकळा हात काउंटरखाली लपवला.

"पह्यले साबणानं हात धुवा. कालचं असलं तरी धुवा. मंग सांगा, हा कप उकळला तर औषध निघून जाईन का?"

"नाई. भरवसा नाई देता येत. तो कामातून गेला."

"मले बी तेच वाटलं. मी पिशवीत गुंडाळून येगळा ठेवते. तुम्ही येऊन घेऊन जा. तुमचं औषध, तुमचा कचरा."

फोन ठेवला. इतकी वर्षं मी गावभर भाषण देत होतो. ते अक्षर न् अक्षर पाठ झालेलं माणूस माझ्या घरातच होतं, आणि मला पत्ता नव्हता. आरडाओरडा नाही, रडणं नाही. आधी माझे हात, मग तिचं स्वतःचं. मी मुकाट्याने साबण घेतला.

परत काउंटरवर आलो तर सगळे पांगले होते. एक रामभाऊ तेवढे थांबले होते. साठी उलटलेला माणूस. इकडेतिकडे बघत, मान खाली घालून म्हणाले, "माह्या सुनेले बी त्या दिवसात लय तरास होते म्हणते. आमी घरात बोलत नाई. ज्योतीबाईले विचारजा का, काय कराव ते."

मी दुसरबीडला जाऊन कचरा आणला, येताना चिखलीच्या मेडिकलमधून नाव घेऊन, मोठ्याने, नवीन कप आणला. रामभाऊंचा निरोपही ज्योतीला सांगितला. ती म्हणाली, "एकीले काऊन, सगळ्यांलेच बलावू."

असा आमच्या अंगणात बायांचा कार्यक्रम ठरला. रामभाऊंची सून पहिल्या रांगेत. चहा मी करावा असं ठरलं. कोणी ठरवलं ते सांगायची गरज नाही. मी ओट्याच्या कोपऱ्यातून ऐकत होतो. ज्योतीने कोणाला भीती दाखवली नाही. म्हणाली, "सगळेच पॅड खराब, असं मी म्हणत नाई. ज्याले जे झेपते ते वापरा. वासाचं नका घेऊ. पाकीट उलटून पाहा, लिहेल नसनं तर विचारा. टायमावर बदला. कापड असनं तर साबणानं धुवा अन् कडक उन्हात वाळवा. खाज, पुरळ, लय अंगावर जाणं, काही असलं तर लपवू नका, डॉक्टरकडं जा." मग कप दाखवला, कसा धुवायचा, कसा उकळायचा, सगळं. बाया प्रश्न विचारत होत्या, ती उत्तर देत होती, माहीत नसेल तिथे "हे मले माहीत नाई, डॉक्टरीणबाईले विचारून सांगते" म्हणत होती. मी वीस वर्षं काउंटरवर उभा आहे. हे शेवटचं वाक्य मला एकदाही जमलेलं नाही.

रामभाऊंच्या सुनेने विचारलं, "ताई, हा कप टिकते किती?"

"नीट जपला तर लय वर्षं," ज्योती म्हणाली. "फक्त नवऱ्याच्या हाताले लागू द्याचा नाई."

सगळं अंगण माझ्याकडे वळलं. नेमका मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आलो होतो. मागे जाता येईना, म्हणून पुढे गेलो आणि पहिला कप रामभाऊंच्या सुनेपुढे धरला.

तिने तो घेतला. आत वाकून पाहिलं, वास घेतला, आणि पदर सावरत फार अदबीने विचारलं, "भाऊजी, याच्यात पह्यले काई मोजलं तर नाई ना?"