पाठीमागची मूठ

जोडीदार बोलताना तोंड झाकायचा. टेनिसमध्ये डबल्सचे सगळेच खेळाडू दोन पॉइंटांच्या मध्ये तोंडापुढे बॉल धरून कुजबुजतात, समोरच्यांना बेत कळू नये म्हणून. याची ती सवय मात्र कोर्टाबाहेरही गेली होती. चहाच्या गाडीवर, फोनवर, अगदी आईशी घरच्या तेलुगूत बोलतानासुद्धा तळहात तोंडापुढे. लपवण्यासारखं काही नसेल तर माणूस असं कशाला करेल, असं मला त्या महिन्यात वाटू लागलं.

सोलापुरात आमच्या क्लबात सगळे त्याला जोडीदारच म्हणत. विणकराच्या घरातला हा मुलगा सिंगल्स कधी खेळलाच नाही. दर आठवड्याला नवं गाव आणि बहुतेक वेळा नवा भिडू. त्याला शिकवलं मीच. निवृत्तीनंतर एक महिना मी त्याच्यासोबत स्पर्धांना हिंडलो, तेव्हा त्याचा भिडू होता मैंदर्गीचा मल्लिनाथ. आधी तीन आठवडे परगावी आणि शेवटचा घरी, सोलापुरात.

दोघांच्या मधून येणाऱ्या बॉलला जोडीदार आधीच "माझा!" म्हणून ओरडायचा. तो बॉल मल्लिनाथनं घालवला तरी तोंडापुढे तळहात धरून त्याला म्हणायचा, "माझा होता की!"

मल्लिनाथ हसायचा. "अरे, नेटमधी मी घातलो, आन् तुझा कसा रे?"

मी एकदा त्याला छेडलं, "काय रे, दुसऱ्याच्या चुका गोळा करतोस काय?"

तर म्हणाला, "सर, कुणाची चूक ते आमचं आमी बघतो की. बाहेर जोडीच हरते."

उत्तर मला तेव्हा आवडलं होतं. नंतर तेच खुपायला लागलं, कारण तिसऱ्या आठवड्यात तो मला टाळू लागला. सकाळी मी उठायच्या आत दोघं खोलीतून गायब. विचारलं की "पाय मोकळे करायला गेलतो." सोलापूरला परतताना टेंभुर्णीला बस थांबली, तेव्हा तो सगळ्यांपासून लांब जाऊन तोंड झाकून कुणाशी तरी बोलत राहिला. मी जवळ जाताच फोन खिशात गेला.

"कोण रे?"

"ओळखीचे हायत, सर."

सट्टेवाले छोट्या स्पर्धांतल्या खेळाडूंना कसे गाठतात, हे मी ऐकून होतो. त्या दिवसापासून मी त्याच्याकडे खेळाडू म्हणून पाहिलंच नाही. पाळत ठेवली.

सोलापूरच्या फायनलला मी मुद्दाम कोर्टाच्या मागे बसलो. नेटजवळचा खेळाडू हात पाठीमागे नेऊन सर्व्ह करणाऱ्याला खूण करतो. पंजा उघडा असेल तर तो आडवा धावून बॉल अडवणार, मूठ असेल तर जागीच थांबणार. आडवं धावणं हाच जोडीदाराचा खेळ होता. त्या दिवशी मल्लिनाथच्या सर्व्हला तो फक्त मूठ दाखवत राहिला आणि जागचा हलला नाही. एरवी ज्यांना ते सहज हरवत, त्यांच्याकडून हरले.

मल्लिनाथ बाहेर गेल्याचं पाहून मी जोडीदाराला गाठलं. "मूठ का दाखवत होतास?"

तो रॅकेटची पिशवी बांधत राहिला. "सामना माझ्यामुळं गेला, सर."

हा कबुलीजबाबच, असं मी धरलं. संध्याकाळी क्लबाच्या लोकांसमोर सांगितलं, "यानं सामना सोडला. मी डोळ्यांनी बघितलंय." मी एखादी गोष्ट सांगितली की कुणी पुरावा मागत नसे. त्याला आमचं कोर्ट बंद झालं. कुजबुज पुढच्या गावांत त्याच्याआधी पोहोचली. सिंगल्सवाल्याला समोर कुणीतरी मिळतंच. डबल्सवाल्याला आधी शेजारी कुणीतरी उभं राहावं लागतं. त्याच्याशेजारी कुणी राहिना. त्यानं सोलापूर सोडलं.

यंदा नवी पेठेत एका कापडाच्या दुकानात मल्लिनाथ भेटला. लेकीसाठी फ्रॉकचं कापड घेत होता. पाया पडला आणि म्हणाला, "सर, जोडीदार खेळ का सोडला ओ? तुमाला तरी बोलला असेल की." फायनलनंतर लगेच तो नोकरीवर परगावी गेला होता; कुजबुज त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. तोच पुढे सांगू लागला. त्या महिन्यात त्याचा स्वतःचाच खांदा गेला होता. खेळाडूंच्या कोट्यातल्या नोकरीसाठी त्याची निवड व्हायची होती. खांद्याचं बाहेर कळलं असतं तर नाव कटलं असतं. सकाळी जोडीदार त्याला उपचाराला नेई. टेंभुर्णीचा फोन डॉक्टरांचा होता.

"माझी सर्व्ह लई हळू पडत होती. तो आडवा धावला असता तर समोरचे मोकळ्या जागेत मारले असते की. म्हणून मूठ. तुमाला ठाऊक होतं की सर, तुमी तर मागंच बसलावता!"

मागेच बसलो होतो. सबंध सामना जोडीदाराच्या मुठीकडे पाहत होतो. तीस वर्षं पोरांना सर्व्ह शिकवणाऱ्या माणसानं सर्व्ह करणाऱ्याच्या खांद्याकडे एकदाही पाहिलं नाही.

क्लबातले जुने लोक अजून त्याचं नाव निघालं की आवाज खाली आणतात. त्यांच्यासाठी लिहितो: त्यानं सामना सोडला नव्हता. भिडूला सावरत तो खेळला होता, आणि मी त्याला बदनाम केलं.

तो आता कोल्हापुरात शाळेच्या मुलांना शिकवतो. मी गेलो, सगळं सांगितलं, आणि त्याच्याच शब्दांत म्हटलं, "तो बॉल माझा होता, बाबा."

त्याचा हात तोंडाकडे गेला, आणि मग खाली आला. पहिल्यांदाच तो उघड्या तोंडानं माझ्याशी बोलला. "माझा म्हणून आधी ओरडायचं असतं, सर. बॉल मधून निघून गेल्यावर न्हाय."

मुलांचे बॉल जाळीवर आपटत होते. मग त्यानंच विचारलं, "मल्ल्याचा खांदा कसाय आता?"