शंभरातून सात वजा

"खिडकी उघडा गं. मासळीचा वास येतोय."

आम्ही आत शिरताच डॉक्टरबाई म्हणाल्या. आमच्याकडे न बघता.

कळव्याच्या आरोग्य केंद्रात स्मरणशक्ती तपासायचं शिबिर होतं. मी तिथली आशा सेविका. साठीपुढची माणसं घरोघर फिरून मीच गोळा केलेली. त्यात माझी आय. खाडीकाठची कोळीण. जन्मभर मासळी धरली, विकली. सहा महिन्यांपासून तिचं बिघडत चाललेलं. एकच गोष्ट दहादा विचारायची. मासे साफ न करताच कालवणात टाकायची. एकदा भर भरतीत चिखलात उतरली. शेजाऱ्यांनी कमरेएवढ्या पाण्यातून ओढून काढली.

"शंभरातून सात वजा करा."

आयने पदर सारखा केला.

"बरं, घड्याळ काढा." हातात पेन्सिल दिली. आयने ती मुठीत धरली. मासे कापायची कोयती धरावी तशी.

"शाळा किती?"

"शाळंत नाय गेले, बाय."

बाई शेजारच्या शिकाऊ डॉक्टरांकडे वळल्या. "मेंदू वापरलाच नाही, तर झिजणार कसा?"

पोरं हसली. मीही हसले. हे मला सांगावंच लागेल. वरची माणसं हसली की हसायचं, ही अंगात मुरलेली सवय. सगळे हसतायत बघून आयही हसली. मग घाबरली. "चुकला माजा," म्हणत बाईंच्या पायाशी वाकली.

बाईंनी पाय मागे घेतला. "हात नको लावूस."

माझं हसू तेव्हा गेलं. त्याआधी नाही.

बाईंनी लिहिलं : निरक्षर. वयामुळे विसरते. मला म्हणाल्या, "अंगठा घे हिचा. पुढची आण."

शाईचा पॅड मी बाजूला सारला.

"अंगठा नाही लावणार ती."

"काय?"

"मॅडम, तिला भरती विचारा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायची ती. तोंडी."

"ते फॉर्मवर नाही. तू माणसं आणायची. तपासायचं आम्ही."

मग मीच विचारलं. सगळ्यांसमोर.

"आय, आज पंचमी. भरती कवा?"

पूर्वी माझा प्रश्न संपायच्या आत 'पावणेचार' असं उत्तर यायचं. तिने तोंड उघडलं. बोटं मोजल्यासारखी हलली. थांबली. माझ्याकडे बघत म्हणाली, "तू कोनाची गो?"

कोणी हसलं नाही. बाईंनी बेल दाबली. "नेक्स्ट."

स्मृतिभ्रंशाचं निदान व्हायला आणखी वर्ष गेलं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी मलाच झापलं, "एवढा उशीर का केलात?" आता घास गिळ, हेही आयला सांगावं लागतं.

मी अजून घरोघर जाते. फॉर्म भरते. मग तो उलटा करून मागे माझे प्रश्न लिहिते. कोळणीला भरती विचारते. जन्मभर भिंती बांधलेल्या म्हाताऱ्याला विचारते, कोपरा कसा साधायचा? ज्याचं उत्तर अडतं, त्या माणसाला घेऊन मोठ्या इस्पितळाच्या रांगेत स्वतः उभी राहते.

गेल्या महिन्यात आरोग्य केंद्राकडून नोटीस आली. फॉर्मबाहेरचे प्रश्न विचारू नयेत, अन्यथा काम बंद. खाली 'मान्य आहे' म्हणून सही हवी होती.

केली नाही. करणार नाही.

काढा मला. वस्तीतलं दार न् दार मला ठाऊक आहे. बिल्ला नसला तरी मी ते वाजवणार.