माझ्याशी गाठ हाय!

आमच्या शेजारच्या मावशीशी भांडायची कुणाची छाती नव्हती. तिच्या तोंडी एकच वाक्य, "माझ्याशी गाठ हाय!" दूधवाल्याने पाणी घातलं, माझ्याशी गाठ हाय. कोंबडीने वाळवणात चोच मारली, तरी तेच! निलंग्याकडच्या आमच्या गावात तिला नावाने कुणी ओळखतच नव्हतं. ती आपली गाठमावशी.

लातूर नवा जिल्हा झाला त्या दिवसांतला दुष्काळ. "जिल्हा जवळ आला अन् पाणी लांब गेलं," असं तीच म्हणायची. टँकर आला की घागरींची रांग तिच्या ताब्यात. सरपंचाची घागर असली तरी नंबरानेच. त्या रांगेतच एकदा ती वाकून उठली आणि धाडकन पडली. मग काय विचारता! एकाने कांदा फोडून नाकाशी धरला, दुसऱ्याने चप्पल हुंगवली. आडवी पडल्यापडल्या ती आपसूक शुद्धीवर आली आणि म्हणाली, "चप्पल कुणाची हाय? धुवत जा की रं जरा!"

पुन्हा उठली, पुन्हा पडली. कुणी म्हणे ऊन, कुणी म्हणे उपास, कुणी म्हणे अंगात आलंय. शेवटी आम्ही तिला हैदराबादला नेलं. मशीन लावून डॉक्टर म्हणाले, "हृदयात रक्ताची गाठ झाली आहे. उभ्या राहिलात की ती झडपेच्या तोंडाशी येते, रक्त अडतं, म्हणून शुद्ध जाते. आडव्या झालात की सरकते. ऑपरेशन करावं लागेल, आणि तोवर उठायचं नाही."

मी तर रडायलाच लागले. ही मात्र खुदूखुदू हसत सुटली. "जल्मभर ज्याला-त्याला दम दिला, माझ्याशी गाठ हाय म्हणून. खरंच निघाली की वो!"

डॉक्टर ठेवून घेत होते, पण ऐकेल तर शपथ! ऑपरेशनच्या तारखेला येते म्हणून गावी परतली. आणि न उठणं म्हणजे घरात पडून राहणं, हे तिला कोण सांगणार? टँकर आला की चौघं तिची बाज उचलून तिथे नेऊन ठेवायचे, आणि रांग बाजेपासून सुरू. एकदा नवे कलेक्टर आले. सगळे उभे, ही आडवीच. तलाठी कुजबुजला, "मावशी, उठा की, साहेब आलेत."

"उठले की पडते. मग साहेबालाच उचलावं लागंल, बघा बापा!"

साहेब मनापासून हसले आणि जाताना टँकरची एक खेप वाढवून गेले.

ऑपरेशनला निघाली तेव्हा जीपमध्ये झोपूनच तिने माझा हात धरला. पहिल्यांदाच ती घाबरलेली दिसली. "रडायलीस कशाला गं? गाठ पडंल की आपली," म्हणाली.

नाही पडली. ऑपरेशनच्या टेबलावरच ती गेली.

टँकर आला, तेव्हा बाज तिथेच होती. हलवायला कुणाचं मनच होईना. सरपंचाने हळूच आपली घागर बाजेच्या पुढे ठेवली. तो रिकाम्या बाजेकडे पाहत राहिला, मग घागर उचलून शेवटाला निघाला.

"न्हाई रं बाबा," जाताजाता म्हणाला, "तिच्याशी गाठ हाय."